नुसती बघत बसणारी माणसं

"नुसता बघत काय बसलायस?" हे वाक्य लहानपणी आपण सगळ्यांनीच खाल्लंय, आणि बोलणाऱ्याला म्हणायचं असतं की ऊठ, काहीतरी काम कर. आजच्या व्हिडिओत जी माणसं भेटणारेत त्यांचं कामच ते आहे, बघत बसणं. त्याचा पगार मिळतो, क्वचित नोबेलही मिळतं. फक्त कोण कशाकडे बघतंय त्यावर कसं बघायचं हे ठरतं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आता स्क्रीनवर जे दिसतंय ते काचेचं नरसाळं. आत काळं डांबर, खाली एक थेंब लोंबतोय. व्हिडिओ पॉज झालेला नाहीये बरं का, तो चालूच आहे.

ऑस्ट्रेलियातली क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी, साल १९२७. थॉमस पार्नेल नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांना एवढंच दाखवायचं होतं की हातोडी मारली तर काचेसारखं तडकणारं हे डांबर खरं म्हणजे वाहतं. त्यांनी ते गरम करून तळ बंद केलेल्या नरसाळ्यात ओतलं, तीन वर्षं तसंच बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याची नळी खालून कापली. पहिला थेंब पडला १९३८ च्या डिसेंबरात. पाण्यापेक्षा साधारण २३० अब्ज पट घट्ट आहे हा पदार्थ, त्याला घाई करा म्हणून उपयोग नाही.

१९६१ पासून हे नरसाळं जॉन मेनस्टोन यांच्याकडे आलं, आणि इथून पुढची गोष्ट जरा वाईट वाटायला लावणारी आहे. १९७९ मध्ये थेंब आता पडेल मग पडेल म्हणून ते थांबले, सुट्टीच्या दिवशी घरी गेले, तेवढ्यात पडला. १९८८ मध्ये नरसाळं प्रदर्शनात ठेवलेलं, ते काहीतरी प्यायला जेमतेम पाच मिनिटं बाहेर गेले, पडला. २००० मध्ये कॅमेरा लावलेला होता, हे परदेशात, आणि कॅमेऱ्याने नेमकी त्याच वेळी मान टाकली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन वारले, नववा थेंब खाली टेकला २०१४ च्या एप्रिलमध्ये. पन्नासहून जास्त वर्षं राखण केली आणि स्वतःच्या डोळ्यांनी एकही थेंब पडताना बघितला नाही.

यातून काय मिळालं असं विचाराल तर खरं सांगतो, फिजिक्सची कुठली मोठी थिअरी उलटीपालटी झाली नाही. पण डांबराला कुणी आपल्याकडे बघतंय याचा पत्ताच नसतो. मेनस्टोन असले काय नसले काय, ते आपल्या चालीने पडणार. बघणाऱ्यासाठी केवढी मोठी सोय आहे ही, हे पुढे कळेल.

डार्विन म्हटलं की आपल्याला माकडं आठवतात, पण हा माणूस गांडुळांच्या नादाला चाळीसेक वर्षं होता. १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या शेतात खडूचा चुरा पसरला आणि विषय सोडून दिला. १८७१ मध्ये, म्हणजे २९ वर्षांनी, तिथे चर खणून बघितलं तर खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली. गांडुळं खालची माती खाऊन वर आणून टाकत होती, त्यामुळे वरची प्रत्येक गोष्ट हळूहळू गाडली जात होती. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला घरातल्यांनी त्यांच्यासमोर शिट्ट्या मारल्या, बासून (bassoon) नावाचं फुंकून वाजवायचं मोठं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. ढिम्म. मग मातीच्या कुंड्या थेट पियानोवर ठेवल्या आणि एक पट्टी दाबली, तशी गांडुळं झटकन बिळात. कान नाहीत, पण कंप कळतो. एवढ्याशा प्रयोगात प्रश्न कसा बदलला बघा, "ऐकू येतं का"वरून "कशातून कळतं" वर आला, आणि त्यासाठी खर्च काय तर कुंडी उचलून दुसरीकडे ठेवण्याचा.

याच्या बरोब्बर उलटं टोक म्हणजे अमेरिकेतलं लायगो, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वलहरी पकडायचं यंत्र. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, असे दोन सेट एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी जी हालचाल पकडली ती प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी होती. सिग्नल सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा, आणि पेपरवर लेखक हजाराच्या वर. डार्विनकडे एक शेत आणि घरची मंडळी. दोन्हीला आपण रिसर्चच म्हणतो.

आता माणसांकडे येऊ, कारण गुंता इथे सुरू होतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर जाऊन गावातच तंबू ठोकून राहिला. तिथली माणसं होड्या घेऊन भरसमुद्रात जायची, कशासाठी, तर लाल शिंपल्यांच्या माळा आणि पांढरे शंखाचे कडे यांची देवघेव करायला. माळा बेटाबेटांतून घड्याळाच्या दिशेने फिरायच्या, कडे उलट्या दिशेने, आणि कोणी काही कायमचं ठेवून घ्यायचं नाही. बाहेरून बघणारा म्हणेल हा काय खुळेपणा. तिथे राहून, भाषा शिकून, रोजचं बोलणं कानावर पडल्यावर त्याला कळलं की या फिरत्या वस्तूंमधून नाती, मान, शब्द पाळणं असं सगळं बांधलेलं आहे. लॅबमध्ये बसून हे कधीच कळलं नसतं. पण त्याची खासगी डायरी १९६७ मध्ये छापून आली त्यात तो त्याच लोकांवर चिडलेला, कंटाळलेला, घरच्या आठवणीने कासावीस झालेला दिसतो. बऱ्याच जणांना धक्का बसला. मला विचाराल तर सगळ्याच फिल्डवर्कवाल्यांच्या डायऱ्या अशा बाहेर यायला पाहिजेत, कारण इथे मोजायचं यंत्र म्हणजे तो माणूसच, आणि यंत्राची तब्येत कशी होती ते कळायला नको का?

शिवाय माणूस डांबरासारखा नाही, त्याला कळतं की आपल्याकडे बघतायत. माणूसच कशाला, जेन गुडॉल १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेला गेल्या, चिंपांझींना नंबर द्यायच्या ऐवजी नावं दिली म्हणून टीका ऐकली, गवताची काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढणारा चिंपांझी जगाला दाखवला, पण जवळून बघता यावं म्हणून केळी द्यायला लागल्या तर केळ्यांवरून भांडणं वाढली आणि बघायचं होतं तेच बदलायला लागलं.

दूर राहून बघायचीही एक तऱ्हा आहे. ब्रिटनमध्ये १९४६ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ जणांचा पाठपुरावा सुरू झाला तो अजून चालू आहे. मूळ प्रश्न बाळंतपणाला खर्च किती येतो वगैरे होते, मग शाळा, नोकरी, ब्लडप्रेशर, स्मरणशक्ती असं करत करत ती बाळं म्हातारी झाली आणि सुरुवातीचे संशोधक रिटायर होऊन गेले. या लोकांना वाढदिवसाला कार्ड पाठवतात. गोड आहे, आणि हुशारीही आहे, कारण माणूस यादीतून गळला की त्याच्याबरोबर सगळी मागची वर्षं जातात.

सगळ्यात जास्त हेवा वाटावा असा फ्रीझर रिचर्ड लेन्स्की यांचा. १९८८ मध्ये त्यांनी एकाच ई-कोलाय बॅक्टेरियापासून बारा गट सुरू केले, रोज थोडे नव्या द्रावणात टाकायचे, आणि दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. २००३ मध्ये एक गट अचानक सायट्रेट खायला लागला, जे हे बॅक्टेरिया ऑक्सिजन असताना एरवी खात नाहीत. मग टीमने काय केलं, तर फ्रीझरमधून त्याच गटाचे जुने पूर्वज बाहेर काढून इतिहास पुन्हा पुन्हा चालवून बघितला. ठराविक टप्प्यानंतरचे पूर्वज घेतले तरच ही करामत परत होत होती, म्हणजे त्याआधीच आत काहीतरी तयारी झालेली होती.

गाव असं फ्रीझरमध्ये ठेवता येत नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या एका खेड्यात राहून टिपणं काढली, वर्षानुवर्षं ती नीट लावली, तीन प्रती केल्या, आणि १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना ऑफिसला आग लागली त्यात तिन्ही प्रती जळाल्या. तिन्ही एकाच ठिकाणी होत्या, आता काय बोलणार. त्यांनी मग आठवणीतून लिहिलं. परत जाऊन बघायची सोयच नव्हती कारण १९४८ चं गाव १९७० मध्ये कुठून आणणार?

परत करून बघण्याचा विषय निघालाच आहे तर सायकॉलॉजीवाल्यांनी स्वतःच्याच घराची झडती घेतली ते सांगितलं पाहिजे. शंभर छापून आलेले अभ्यास पुन्हा केले, निकाल २०१५ मध्ये आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये ठळक परिणाम दिसला होता, दुसऱ्यांदा ३६ टक्क्यांमध्येच. काहींनी लगेच "बघा, सगळी थापेबाजी" म्हणून घेतलं. मला मात्र असं वाटतं की आपल्याच धंद्याचे आकडे असे चारचौघांत मांडायला छाती लागते.

आणि आता शेवटची जागा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ मध्ये वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. प्रत्येकीत ओली वाळू, २१ प्रकारच्या झाडांच्या पन्नास-पन्नास बिया, बाटलीचं तोंड उघडं पण तिरकं खाली, म्हणजे पाणी साचायला नको. बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं एवढाच प्रश्न. आधी दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची होती, मग पुढच्या लोकांनी दहा केली, मग वीस, प्रयोग लांबवायचा म्हणून. जागेचा नकाशा एका पिढीकडून दुसरीकडे जातो. २०२१ मध्ये चारपाच जणांनी पहाटेच्या आधी अंधारात जाऊन खणलं, कारण उजेड लागला तर बी तिथेच जागं व्हायचं. १४१ वर्षांनी मुलेन जातीच्या बिया उगवल्या, बाकीच्या जवळपास सगळ्या गप्प.

आता जमिनीत चार बाटल्या उरल्यात. पुढची २०४० मध्ये निघेल, शेवटची २१००. ती काढायला जो कोणी कुदळ घेऊन जाणारे, तो बहुतेक अजून जन्मायचाय.