कातडीही ऐकते
(नागपुरात पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कूलर बंद करू नका, मला तो घरघराट हवा आहे. आता मागच्या रांगेनं सांगा, मी 'ताप' म्हणाले की 'थाप'? बघा, तुमच्यातच दोन मतं पडली. आता तळहात ओठांसमोर चार बोटांवर धरा आणि दोन्ही शब्द स्वतः म्हणा. 'थाप'च्या थ ला हाताला वाऱ्याचा झोत लागतो, 'ताप'च्या त ला जेमतेम. 'पळ' आणि 'फळ' म्हणूनही बघा. फक्त फ म्हणताना दोन्ही ओठ मिटा. हल्ली पुष्कळ जण खालच्या ओठावर दात टेकवतात, त्यात हा झोत सापडत नाही.

हाच झोत ऐकणाऱ्याच्या अंगावर पडला तर? ब्रायन गिक आणि डोनाल्ड डेरिक या संशोधकांनी कॅनडात नेमकं हेच करून पाहिलं. २००९ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. गोंगाटात मिसळलेले इंग्रजी पा-बा, ता-डा लोकांना ऐकवले आणि त्याच वेळी हातावर किंवा गळ्यावर हवेची हलकी, कानाला न कळणारी फुंकर सोडली. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प झोतासकट येतो. आपण कोरडा 'पेन' म्हटला की इंग्रजी कानाला तो 'बेन' वाटू शकतो, तो याचमुळे. फुंकर लागली की लोकांना 'पा' जास्त वेळा ऐकू येई. खरा 'पा' असला तर ओळख पक्की होई, आणि 'बा' असला तरी काहींना तो 'पा' वाटे. फुंकर कातडीला लागलीच नाही, तर हा परिणाम दिसला नाही. मागाहून त्यांनी घोट्यावर फुंकर सोडली, तरी फरक पडला! बोलणाऱ्याचा श्वास घोट्यावर कोण कधी अनुभवतो? म्हणून मला हा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केवळ सवयीनं हे होत असेल, असं मग म्हणवत नाही. अर्थात, फुंकर काही अख्खं वाक्य ऐकवत नाही. कान जिथे अडखळतो, तिथे ती पारडं झुकवते.

२००९ मध्येच इतो, टीडे आणि ऑस्ट्री या संशोधकांनी यंत्राने ओठांच्या कडेची कातडी हळूच ओढली. 'हेड' आणि 'हॅड' यांच्या मधला, धड इकडचा ना तिकडचा असा आवाज कानात होता. कातडी वर ओढली की लोक 'हेड' म्हणत, खाली ओढली की 'हॅड'.

आता आईवडिलांसाठी. २०१५ मध्ये व्हँकुव्हरला सहा महिन्यांच्या बाळांना हिंदीतले द आणि ड ऐकवले. ही इंग्रजी ऐकत वाढणारी बाळं, तरी या वयात त्यांना हा फरक कळतो. पण जिभेचं टोक हलू न देणारं चावणं, म्हणजे बाळांनी चघळायचं टीदर, तोंडात धरलं, तेव्हा तो फरक त्यांना पकडता आला नाही. जीभ मोकळी ठेवणारं चावणं दिलं, तेव्हा आला. बोलायला लागण्याआधीच जीभ ऐकण्यात भाग घेते, ही गोष्ट मला अजून थक्क करते. पण म्हणून काही घरातली चावणी फेकून देऊ नका. प्रयोग तेवढ्या काही क्षणांपुरता होता.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या वर्गात आम्ही ब शिकवताना मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवतो. ओठ मिटलेले असतानाच तिथे थरथर सुरू होते. प ला ती ओठ उघडल्यावर येते. फ साठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरतो, ती फडफडते. मुलं हसतात, पट्टी हिसकावून घेतात, स्वतः फडफडवतात. अंध-बधिर मुलांसाठी अमेरिकेत टॅडोमा नावाची पद्धत होती: अंगठा बोलणाऱ्याच्या ओठांवर, बाकीची बोटं गालावर नि गळ्यावर. त्यावर काही जण बोलणं समजून घेत.

मुलाला ऐकण्याचं मशीन किंवा कानाच्या आत बसवायचं इम्प्लांट लागलं की आता फक्त कानावर भर द्या, हात लावू देऊ नका, असं पालकांना सांगितलं जातं. कानाला सराव हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण प-ब मध्ये मूल गोंधळत असेल, तर मशीन चालू ठेवूनच त्याचा हात तुमच्या गळ्यावर घ्या, दोन्ही अक्षरं चार-पाचदा म्हणा, मग हात काढून पुन्हा म्हणा.