चाळीस नंबरचा स्वेटर

नमस्कार मंडळी, रेडिओवरून बोलतोय. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाजवळ गोठणगाव आहे. तिथं १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. वस्तीचा कारभार पाहणारा अधिकारी धरमशालेहून, म्हणजे तिथल्या निर्वासित तिबेटी प्रशासनाकडून, नेमलेला असतो. त्याच्या हाताखाली कॅम्प, म्हणजे वस्तीचे भाग, आणि दर कॅम्पाला एक प्रमुख. सहकारी सोसायटी, गोंपा म्हणजे बौद्ध मठ, दवाखाना हेही आहेच. पावसाळ्यात धान, हिवाळ्यात स्वेटर. ध्यानात ठेवा, पावसाळ्यात धान, हिवाळ्यात स्वेटर.

आता माझी गोष्ट. नागपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांची रांग लागते ना, तिथं एका बाईंशी मी भाव करत होतो, हिंदीत. त्या एक पैसा सोडेनात. पुढच्या दुकानात गेलो, तोच भाव. त्याच्या पुढं, तोच. चौथी म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या ताईकडून आलात ना? तिच्याकडूनच घ्या." परत आलो तर बाई म्हणतात, "हिंदीत कायले बोलता जी? मी बी अर्जुनीकडचीच!"

मुकाट्यानं घेतला. (भाव करणं ही कला आहे असं माझे वडील म्हणत. मला ती कधीच जमली नाही. बायकोलाही नाही, पण ती ते कबूल करत नाही.)

घरी आल्यावर कळलं, स्वेटर आखूड. बदलायला गेलो तोवर रांग उठलेली. लोसार, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, जवळ आलं की सगळे वस्तीकडं परततात. जुलैत कामानिमित्त नवेगावबांधला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून गोठणगाव गाठलं. पिशवीत स्वेटर! बाई धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, रोवणा म्हणजे लावणी चाललेली. मला पाहून हसू आवरेना. "आता माल कुठला जी? लुधियानाचा माल दिवाळीच्या सुमारास येते. चाळीस नंबर ना? बसा, चहा घ्या."

लुधियानाचे व्यापारी यांना लाखांचा माल उधारीवर देतात, हंगाम संपला की पैसे. कागद कमी, शब्द जास्त. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीची वर्गणी काढायला तीन सभा लागतात, ते जाऊ द्या.

नोव्हेंबरात त्याच कोपऱ्यावर गेलो, तर तिथं दुसरीच बाई. जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटतात. कोपरा एकालाच कायमचा मिळत नाही. चिठ्ठ्या टाकून, बरं का. मी नुसता "स्वेटर..." म्हणालो, तोच तिनं गल्ल्याखालून कागदात बांधलेला पुडा काढला. वर पेनानं लिहिलं होतं: 'रेडिओवाले भाऊ, ४०'.

"ताई यंदा मागच्या ओळीत हाये," ती म्हणाली, "जुना आणला का?"

जुना मी घरीच विसरलो होतो.