हंसाचं पिल्लू पायात घुटमळतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

वसई-विरारकडच्या एखाद्या वाडीवरून पाळीव हंसाचं पिवळं पिल्लू मुंबईतल्या घरात येतं आणि दोन दिवसांत स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत माणसांच्या पायात घुटमळू लागतं. घरचे हरखतात, "बघा, किती लळा लागला!" लळा खराच असतो. पण तो पुढे काय मागतो, हे आधी ठाऊक असलेलं बरं. नीट सांभाळलेला हंस पंधरा-वीस वर्षं जगतो.

अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवस-दीड दिवसात समोर जे हलतं आणि आवाज देतं, त्याच्या मागे पिल्लू लागतं. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी कलहंस या रानहंसाच्या पिल्लांवर याचा बारकाईने अभ्यास केला. प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी १९७३ सालचं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर विभागून मिळालं. (रानातल्या कलहंसाला मात्र आपल्याकडे कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळता येत नाही.) ही पहिली छाप सहजी पुसली जात नाही. जन्मल्यापासून फक्त माणूसच पाहिलेलं पिल्लू स्वतःच्या जातीत नीट मिसळत नाही. भावंडांत आठवडाभर राहून आलेलं पिल्लूही तुमच्याशी छान जुळवून घेतं, आणि हंसांशी कसं वागायचं तेही शिकलेलं असतं. शक्यतो असंच पिल्लू घ्यावं.

आणि एकटं कधीही आणू नये. एका वयाची दोन तरी हवीत. आठ तास ऑफिस आणि वर लोकलचा प्रवास करणारा माणूस एकट्या पिल्लाची सोबत पुरवू शकत नाही. आरसा किंवा कापडी खेळणं काही तास भागवतं, तेवढंच.

पिल्लाचा आवाज ओळखायला शिका. हलकी, भरभर, तुटक कुजबुज म्हणजे 'मी इथे आहे, तुम्ही कुठे?' तिला उत्तर द्यावं. एकच शब्द, एकाच सुरात, दरवेळी. पुढे त्याच शब्दावर ती धावत येतात. झोप आली की बारीक, कापरा स्वर निघतो. तेव्हा उगाच हाताळू नये. मोठी, एकसुरी, न थांबणारी किंकाळी म्हणजे ते हरवलंय, गारठलंय किंवा भुकेलंय. 'रडू दे, सवय होईल' हा सल्ला इथे चुकीचा आहे. आधी ऊब तपासा. पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मुंबईच्या हवेत दुसऱ्या आठवड्यापासून दिवसा उबेचा दिवा बहुधा लागतच नाही. पिल्लं एकमेकांवर चढून ओरडत असतील तर थंडी; दिव्यापासून लांब, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकाडा.

बरेचदा पिल्लू हट्टी किंवा आळशी वाटतं आणि दुखणं पायात असतं. फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात, म्हणून खाली गोणपाट किंवा रबरी चटई घाला. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात नायसिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, हंसांना कमी पडतं, पाय वाकतात; त्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळावं लागतं. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, पण पिल्लाला आत उतरता येऊ नये. आईविना वाढणाऱ्या पिल्लाची लव लवकर भिजते, म्हणून सुरुवातीला पोहणं कोमट पाण्यात, पाच-दहा मिनिटं, तुमच्या नजरेखाली. मग कोरडं पुसून उबेत.

आता चावणं. बटण, चपलेचा पट्टा, बोट, मोबाइलची वायर, सगळं ते चोचीनेच तपासतं. चिमटा बसला की हात झटकून ओरडू नका, त्याला तो खेळ वाटतो. मान हलकेच बाजूला सारा आणि चोचीत पालेभाजीचं पान द्या. वाढत्या वयात मान जमिनीलगत ताणून, फुत्कारत अंगावर येणं ही धमकी असते. मान उंच करून केलेला कलकलाट बहुतेक वेळा स्वागताचा. धमकीपुढे पळालात तर ते पुन्हा येणार. लाथ तर मुळीच नको, त्याने वैर वाढतं. जागेवर उभे राहा. लागलंच तर पंख मिटलेल्या अवस्थेत काखेत धरा, पायांना खालून आधार द्या, तोंड मागच्या बाजूला ठेवा आणि अंग सैल पडल्यावरच खाली सोडा. पंख किंवा पाय धरून उचलू नका.

नर वयात आला की, विशेषतः विणीच्या दिवसांत, माणसाळलेलाच जास्त त्रास देतो. त्याला माणसाची भीतीच उरलेली नसते. घरातल्या एकाला जोडीदार मानून तो बाकीच्यांवर धावून जातो. लहान मुलांना त्याच्याजवळ एकटं सोडू नये.

शेवटी सोसायटीचा प्रश्न. मोठ्या हंसाची हाक चार मजले ऐकू जाते, आणि त्याला चरायला रोज हिरवं गवत हवं. तेव्हा वन बीएचकेत हा पक्षी कायमचा राहत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. कर्जत, पालघर, अलिबागकडे आवार असेल तर पिसं पूर्ण फुटल्यावर जोडी एकत्रच हलवा. पहिले काही दिवस कुणीतरी ओळखीचं तिथे राहावं आणि तोच शब्द वापरून हाक मारावी.