झाकण उघडं ठेवून मोजा

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय धुण्याच्या जागेबद्दल. आपल्या नाशिकच्या फ्लॅटला किचनला लागून जी ड्राय बाल्कनी असते ना, तिच्याबद्दल. इंदिरानगर घ्या, पाथर्डी फाटा घ्या नाहीतर पंचवटीतली जुनी बिल्डिंग घ्या, चार बाय पाचचा तुकडा मिळतो आणि त्यात मशीन, मळक्या कपड्यांची बादली, झाडू, कांद्याची जाळी, रिकामे डबे सगळं कोंबलेलं, आणि मग वाळत घालायला जागा उरत नाही म्हणून हॉलमध्ये सोफ्यासमोर स्टँड.

दोनच गोष्टी सांगणार आहे, त्या लक्षात ठेवा. एक, मशीनची जागा मोजताना झाकण उघडं आहे असं धरून मोजा. दोन, जमीन भरली की वर बघा, छतापर्यंत. परत सांगते, झाकण उघडं धरून मोजा, आणि वर बघा.

आता हे मला कुठून कळलं तर माझ्या मामीकडून. मामी राहते दिंडोरी रोडला. २०१५ चा सिंहस्थ आठवतोय ना, नाशिकला पहिलं शाही स्नान होतं २९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेला. येवल्याचे, मनमाडचे, सगळीकडचे नातेवाईक मामीकडे उतरणार होते, कारण तिच्याकडून रामकुंड चालत जाण्यासारखं. म्हणजे घरभर माणसं आणि रोज ओल्या साड्या, धोतरं, टॉवेल यांचा ढीग. म्हणून मामाने टॉप लोड, म्हणजे वरून झाकण उघडणारं मशीन घ्यायचं ठरवलं. मामा फार व्यवस्थित माणूस, टेप घेऊन रुंदी मोजली, खोली मोजली, भिंतीवर लोखंडी अँगलवर एक फळी होती तिच्यापर्यंतची उंची मोजली, चिठ्ठीवर लिहून दुकानात नेली. मशीन आलं, सरकवलं, अगदी बरोबर बसलं. वर फळीपर्यंत वीतभर जागाही उरली. सगळे खूश.

मामी कपडे टाकायला गेली आणि झाकण फळीला अडलं. अर्धवटच उघडायचं. रुमाल, बनियन आत जायचे, पण चादर काही जाईना. मग काय, प्रत्येक वेळी दोघांनी मिळून मशीन किचनच्या दारापर्यंत ओढायचं, कपडे भरायचे, परत ढकलायचं. त्या ओढाओढीत एकदा ड्रेन पाइप जाळीतून निसटला आणि साबणाचं पाणी थेट किचनमध्ये, तिथे येवल्याच्या आत्या खाली बसून कणीक मळत होत्या, त्यांनी परात उचलून डोक्यावर धरली आणि आधी मशीन बंद करा म्हणून ओरडल्या.

संध्याकाळी सुतार आला, तो म्हणाला काकू, फळी कापून टाकतो. मामी म्हणाली कापायची नाही, वर घे. कुठवर? पार वर, स्लॅबच्या खाली दोन फूट सोडून. त्या फळीवर होतं काय तर मोठं पातेलं, आकाशकंदील, जुन्या डब्यांची झाकणं. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंनी हाताच्या उंचीवरची जागा अडवली होती! सुताराने अँगल काढून वर ठोकले. आणि मग मामी त्या रिकाम्या भिंतीकडे बघत उभी राहिली, म्हणाली आता फळीच्या खाली एक रॉड लाव. हिशोब बघा, मशीन तीन फूट, झाकण उघडल्यावर साडेचार, रॉड सात फुटांवर, म्हणजे मधल्या अडीच फुटांत हँगरवरचा शर्ट आरामात लटकतो, खाली झाकणही उघडतं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या भागात छताला पुलीचा हँगर बसला, दोरी ओढली की दांड्या वर. नऊवारी चौपदरी घडी करून दांडीवर, धोतरं शेजारी, आणि खाली माणूस मोकळा फिरतोय. जाताना आत्या सुताराचा नंबर घेऊन गेल्या. मशीन त्यानंतर जागचं हललं नाही.

तर झाकण उघडं धरून मोजा. फ्रंट लोड घेणार असाल तर वरची काळजी नाही, ते ओट्याखालीही बसवता येतं, पण दार पुढे उघडतं आणि तुम्हाला वाकून उभं राहायला जागा लागते, तीही मोजा. मागे पाइपसाठी चार बोटं सोडा, पाइप दुमडला की पाणी चढत नाही. आणि फ्रंट लोडच्या ड्रमला वाहतुकीसाठी मागून बोल्ट लावलेले असतात, ते काढल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको.

पुलीचा हँगर मात्र स्लॅबमध्ये फास्टनर ठोकूनच बसवा, पीओपीच्या खोट्या छताला नाही, ओल्या कपड्यांचं वजन पीओपी पेलत नाही. हाताने धुतलेले, निथळणारे कपडे पाणी जाण्याच्या जाळीच्या बाजूच्या दांडीवर आणि मशीनमध्ये पिळून निघालेले मशीनच्या वर. मळके कपडे बादलीत नको, दाराच्या मागे खुंटीला कापडी पिशवी अडकवा, पिशवी भरली की मशीन लावायचं.

आणि हे बोलतेच आता, सोसायट्यांनी गच्चीला कुलूप का लावावं? चावी कुणाकडे आहे विचारायला चार मजले फिरायचं. आपल्या नाशिकचं मार्चचं ऊन बघा, जीन्स दुपारपर्यंत कडक वाळते, एवढं फुकटचं ऊन डोक्यावर असताना लोक ड्रायरच्या किमती विचारत फिरतात. गच्ची सगळ्यांची आहे, दोऱ्या बांधा, वार ठरवून घ्या. ड्राय बाल्कनीला काचेच्या स्लायडिंग बसवतात तेही मला पटत नाही, हवा बंद झाली की श्रावणात कपड्यांना कुबट वास येणारच. बसवलीच असेल तर कपडे असेपर्यंत निम्मी उघडी ठेवा, दोन कपड्यांत बोटभर अंतर सोडा, छोटा पंखा लावा.

२०२७ ला परत सिंहस्थ आहे, ज्यांच्याकडे पाहुणे येणार त्यांनी आत्ताच एक रविवार काढून फळी वर घ्या. कारण ऐनवेळी सुतार मिळत नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात, नमस्कार.