नाइट ड्युटी

(दृश्य: रंकाळा, पहाट)
जून २०२१. मुंबई-पुण्यात कोरोनाची दुसरी लाट ओसरत आली होती. कोल्हापुरात पेशंट येतच होते. रंकाळ्याच्या चौपाटीवर चिटपाखरू नाही, गर्दी फक्त दवाखान्यांच्या दारात.

(दृश्य: किट घालताना)
या सिस्टर नाइटला चालल्यात. दुपारपासून पाणी बेतानंच प्यायल्यात. आधी हातमोज्यांचा एक जोड. बुटांवर कव्हर. मग गळ्यापासून पायापर्यंतचा कव्हरऑल, त्याची चेन वर ओढायला दुसरं कुणीतरी लागतं. एन-९५ नाकावर दाबून बसवायचा, फुंकर मारून हवा कुठून निसटत नाही ना ते बघायचं. गॉगल, हूड, वरून मोज्यांचा दुसरा जोड, मनगटाला चिकटपट्टी. शेवटी पाठीवर मार्करनं नाव, कारण आत गेल्यावर सिस्टर कोण, डॉक्टर कोण आणि मामा, म्हणजे वॉर्डबॉय, कोण, काही कळत नाही. आता किट उतरेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. काही जणी डायपर लावून आत जायच्या. हे सांगताना त्या हसतात; आम्ही ते कापलेलं नाही.

(दृश्य: वॉर्ड)
सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, घसरलं की पेशंटला पालथं झोपवायचं, म्हणजे फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा खेळते. अंगाला नळ्या असलेला जडशीळ माणूस वळवायला चार-पाच जण हवेत. इथे तिघं आहेत: सिस्टर, मामा, मावशी. आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स असा निकष आहे. या फ्रेममध्ये खाटा किती दिसतात, तुम्हीच मोजा.

(दृश्य: मावशींच्या हातात मोबाइल, पेशंटचा व्हिडिओ कॉल. मूळ आवाज, निवेदन नाही.)

(दृश्य: ड्युटी चार्ट)
अशा ड्युट्या करून माणसाचं जे होतं, त्याला बर्नआउट म्हणतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, कामाच्या जागी सतत साचत गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. अंगातलं त्राण जातं, कामाबद्दल तुटलेपण येतं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहतं. तेव्हा कारण सिस्टरच्या मनात नको, या चार्टवर शोधा. २२ मार्च २०२० च्या थाळ्यांचं चित्रण आमच्याकडे भरपूर आहे. रिकाम्या जागा भरल्या असत्या, तर तेही दाखवलं असतं.

(दृश्य: पंचगंगेचा पूर, बंद हायवे)
जुलैत महापूर आला. शिरोलीजवळ हायवे बंद. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची माणसं, पोचलेच नाहीत, नाइटवाल्यांनीच पुढची ड्युटी ओढली.

(दृश्य: कॉरिडॉर)
झोप उडाली, घरात चिडचिड, कुणी गोळ्या सुरू केल्या, कुणी नोकरी सोडली. लाट ओसरल्यावर कंत्राटी मामा-मावशींना घरी बसवलं. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तोवर तिसरी लाटही सरली होती. नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं, चोवीस तास सुरू असते, म्हणजे नाइटलाही लावता येतो. ब्रेक मिळाला तर.