पडद्यावरची न्यूरोलॉजी तपासणी

मार्च २०२०. कोविडची महामारी जाहीर झाली आणि न्यूरोलॉजीच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांच्या, ओपीडी ओस पडल्या. कंपवात (पार्किन्सन), अपस्मार (फिट येणं), मायग्रेन मात्र थांबले नाहीत. तपासणी मोबाइलवर आली.

या शाखेला ते झेपलं, कारण निदानाचं निम्मं काम रुग्णाच्या बोलण्यातून होतं आणि उरलेल्यातलं बरंचसं नजरेला दिसतं. फक्त कॅमेरा नीट लावावा लागतो. फोन हातात धरायचा नाही, छातीच्या उंचीवर टेकवून ठेवायचा. उजेड समोरून हवा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो, झुकलेली पापणी दिसत नाही. चाल पाहायला तीन-चार मीटर मोकळी जागा लागते आणि पावलं चौकटीत असावी लागतात.

आता हे हात पाहा. दोन्ही समोर, तळवे वर, डोळे मिटलेले. दहा सेकंद असेच. डावा तळवा हळूहळू आत वळतोय, हात खाली येतोय. इतका सौम्य अशक्तपणा रुग्णाला स्वतःला जाणवलेलाही नसतो. पण सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसू शकतं, म्हणून आधी ‘उजवा हात वर करा’ असं सांगून खात्री करायची.

कंपवातात विसावलेला हात सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा थरथरतो. नेटवर्क मंदावून फ्रेम गळू लागल्या की ही थरथर भलत्याच वेगाची दिसते, कधी दिसतच नाही. अशा वेळी कॉलवर विसंबू नये. नातेवाइकाने अर्ध्या मिनिटाचा वेगळा व्हिडिओ काढून पाठवावा, सोबत शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ. गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर तोच हात अगदी वेगळा दिसतो.

स्नायूंचा ताठरपणा मात्र हात लावल्याशिवाय कळत नाही. रिफ्लेक्सचंही, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर स्नायू कसा उडतो त्याचंही, तेच. तोल तपासण्यासाठी मागून खांदे ओढण्याची चाचणी घरच्यांकडून मुळीच करून घेऊ नये. रुग्ण पडतो, हाड मोडतं.

आणि अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तो पक्षाघात असू शकतो; व्हिडिओ कॉल लावत बसू नका. कोविडच्या काळात संसर्गाच्या धास्तीने कितीतरी जण घरीच थांबले. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या आणि स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.