किती झालं?

(दृश्य: रात्र. टेबलावर दिव्याचा गोल उजेड. उघडं पुस्तक, शेजारी पालथा ठेवलेला फोन. समोर अभ्यासाला बसलेली मुलगी.)

फोन पालथा आहे. म्हणजे अभ्यास चालू आहे. ज्या घरात परीक्षा देणारं कुणी असतं, त्या घराला ही खूण ओळखता येते.

पण तो पालथा फार वेळ राहत नाही, आणि त्यात मुलीचा आळस नसतो. नोट्स त्याच्यातच आहेत. सरांनी पाठवलेली सराव प्रश्नपत्रिका त्याच्यातच आहे. एखादं गणित अडलं तर ते समजावून सांगणारा व्हिडिओ तिथेच, आणि वेळ लावायचं घड्याळही तिथेच. 'फोन बाजूला ठेव आणि अभ्यासाला बस' हे वाक्य त्या दिवसांतलं आहे, जेव्हा वही आणि करमणूक या दोन वेगळ्या वस्तू होत्या. आज दोन्ही एकाच काचेमागे राहतात. वही उघडायची तर करमणुकीच्या दारातूनच आत जावं लागतं.

(दृश्य: फोन थरथरतो. हात पुढे येतो.)

ग्रुपवर मेसेज आलाय. दोनच शब्द. 'किती झालं?'

खाली उत्तरं येऊ लागतात. एकाची दुसरी रिव्हिजन चालू आहे. एकीचा सिलॅबस गेल्या आठवड्यातच संपला. एकाने मॉक टेस्टच्या गुणांचा स्क्रीनशॉट टाकलाय, त्यावर टाळ्यांचे इमोजी. आपली ही मुलगी अजून तिसऱ्या धड्यावर आहे. ती काहीच लिहीत नाही. ग्रुपमधले आणखी कितीतरी जण तिसऱ्या धड्यावर असतील, तेही काही लिहीत नाहीत. त्यामुळे तिला दिसतं ते एवढंच, की सगळे पुढे गेले आणि मागे राहिली ती एकटी.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. आपण कितपत बरे आहोत हे मोजायला हातात ठोस माप नसलं, की माणूस स्वतःला इतरांशी ताडून बघतो, आणि तेही बहुधा आपल्यासारख्यांशी. अभ्यासाला असं ठोस माप कुठे असतं? निकाल लागेपर्यंत कुणालाच काही कळत नाही. त्या रिकाम्या महिन्यांमध्ये तुलना शिरते.

तुलना पूर्वीही होतीच. वर्गात पहिला येणारा मुलगा पूर्वीही सगळ्यांना माहीत असायचा. पण तो अख्खा माहीत असायचा. त्याने बोलणी खाल्लेली बघितलेली असायची, एका विषयात तो कच्चा आहे हेही ठाऊक असायचं. आता समोर येतात ते हजारो अनोळखी समवयस्क, आणि प्रत्येकाच्या दिवसातला फक्त सर्वात चांगला तास. नीटनेटकं टेबल, रंगीत खुणा केलेल्या नोट्स, कोपऱ्यात पुढे सरकणारं घड्याळ: आज अकरा तास, आज बारा तास. या 'माझ्यासोबत अभ्यास करा' व्हिडिओंना मला सरसकट नावं ठेवायची नाहीत. एकट्याने अभ्यास करणं फार एकाकी असतं. पलीकडे कुणीतरी मान खाली घालून वाचतंय एवढ्या आधारावर कितीतरी मुलं रात्र काढतात. ती सोबत खरी आहे. बोचतो तो कोपऱ्यातला आकडा.

(दृश्य: एका व्हिडिओत फळ्यावर सुटत जाणारं उदाहरण. मुलीची मान हलते.)

आता तिसऱ्या धड्याचा व्हिडिओ लागलाय. शिकवणारा छान शिकवतोय. प्रत्येक पायरीला तिची मान डोलते. वेग दीडपट केला की दोन धडे एका बैठकीत उरकतात, आणि उरकले की ग्रुपवर काहीतरी लिहिता येतं.

इथे थोडं थांबून एक प्रयोग बघायला हवा. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचून काढला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, समोर उतारा नसताना, आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटलं. चार वेळा वाचणाऱ्यांना उताऱ्यातला साधारण 40 टक्के भाग आठवला, स्वतःला विचारणाऱ्यांना 61 टक्के. आणि सुरुवातीला 'हे आपल्या चांगलं लक्षात राहील' अशी जास्त खात्री कुणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना.

मला हा प्रयोग आजच्या मुलांच्या बाबतीत फार मोलाचा वाटतो. पाहताना समजतं, आणि समजलं की येतं असं वाटतं. पण समजणं आणि येणं यांच्यामध्ये एक कोरा कागद असतो. त्या कागदासमोर बसलं की पेन अडतं, चुकतं, स्वतःचाच राग येतो. खरं शिकणं बरंचसं तिथेच होतं, आणि नेमकं ते कुणाला दाखवण्याजोगं नसतं. अडकलेल्या पंचवीस मिनिटांचा स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही. मग ज्या अभ्यासाचे तास सांगता येतात, धडे मोजता येतात, तोच वाढत जातो. दिवसभर बसूनही डोकं रिकामं का, हे त्या मुलीला कळत नाही. ती म्हणते, मीच ढ आहे.

(दृश्य: अंगठा. स्क्रीन वर सरकते, सरकतच राहते.)

व्हिडिओ संपतो. पाच मिनिटं विश्रांती.

या पाच मिनिटांचा तास कसा होतो, याला इतिहास आहे. पूर्वी वेब पानाला तळ असायचा. पुढचं पान उघडायला बटण दाबावं लागे, आणि त्या क्षणी 'पुरे' म्हणायची एक संधी मिळे. 2006 मध्ये एझा रास्किन या संगणक-रचनाकाराने तो तळच काढून टाकणारी रचना तयार केली. खाली जावं तसं नवीन येतच राहतं. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुकवर लाइकचं बटण आलं 2009 मध्ये. कबुतरांवरच्या प्रयोगांतून मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी त्याआधी कितीतरी वर्षं दाखवून दिलं होतं, की दाणा दरवेळी मिळाला नाही, कधी मिळेल याचा नेम नसला, तर पक्षी कळ दाबतच राहतो. रीलमागून रील जाताना एखादी अशी येते की हसू फुटतं. कोणती, ते आधी कळत नाही. म्हणून पुढची बघायची.

तेव्हा 'मनावर ताबा ठेव' म्हणताना एवढं लक्षात असू द्यावं, की सोळा वर्षांच्या मनासमोर पगारी, हुशार माणसांनी भरलेल्या कंपन्या बसल्या आहेत. ही लढत बरोबरीची नाही.

मग बंदी घालावी? ऑस्ट्रेलियाने तो मार्ग धरला. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी मे 2023 मध्ये समाजमाध्यमं आणि मुलांचं मानसिक आरोग्य या विषयावर सावधगिरीची सूचना काढली होती. दुसरीकडे, एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तेव्हा त्यांना डिजिटल साधनांचा वापर आणि मुलांचं बरं वाटणं यांच्यातला संबंध नकारात्मक पण अगदीच क्षीण दिसला. मुलामुलांच्या बरं वाटण्यात जो फरक असतो, त्यातला फार तर 0.4 टक्के फरक त्या वापराशी जुळत होता.

या दोन बाजूंमध्ये मला कुणालाही खोटं पाडायचं नाही. पण वादातला प्रश्न बघा: रोज किती तास? एक मुलगी दोन तास मैत्रिणीशी बोलत एक धडा सोडवते. दुसरी दोन तास ओळखी-अनोळखी लोकांच्या निकालाच्या पोस्ट बघत कुढते. मोजणाऱ्याच्या वहीत दोघींपुढे एकच आकडा पडतो.

(दृश्य: घड्याळात सव्वा एक. स्क्रीनचा निळसर उजेड चेहऱ्यावर.)

झोपेचं मात्र गणित सरळ आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने 2016 मध्ये सांगितलं. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं; मुलांना रात्री लवकर झोप येत नाही, तो नेहमी हट्ट नसतो. सकाळी शाळा मात्र वाट बघत नाही. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं व्हायला झोप लागते. परीक्षेच्या भीतीने झोप तोडायची आणि त्या तुटलेल्या झोपेत वाचलेलं गळायचं, या चक्रात कितीतरी हुशार मुलं अडकली आहेत. त्यांना कुणीतरी हाताला धरून झोपायला पाठवायला हवं.

(दृश्य: दार किलकिलं होतं. आईची सावली.)

"अजून जागी आहेस? किती झालं?"

तेच दोन शब्द. आईच्या आवाजात माया आहे. पण मुलीच्या कानाला त्यात ग्रुप ऐकू येतो.

परीक्षेचं ओझं फोनच्या आधीचं आहे, हे विसरून चालणार नाही. दक्षिण कोरियात नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असते तेवढा वेळ तिथे विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. एक अख्खा देश मुलांसाठी श्वास रोखून धरतो. किती प्रेम आहे त्यात. आणि त्या शांततेत पेन धरून बसलेल्या मुलाच्या छातीवर ती शांतता किती जड होत असेल!

2015 च्या पिसा या अनेक देशांतल्या शालेय पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांना परीक्षेबद्दल विचारलं होतं. ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांत सरासरी 55 टक्के मुलांनी सांगितलं, की तयारी चांगली असली तरी चाचणीआधी खूप घाबरायला होतं. तयारी चांगली असली तरी. म्हणजे 'नीट अभ्यास केलास तर भीती कशाला वाटेल?' हे आपलं लाडकं उत्तर निम्म्याहून अधिक मुलांना लागूच पडत नाही. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. चाचण्या किती वेळा होतात, याचा या भीतीशी संबंध आढळला नाही. अडलेल्या मुलाला शिक्षक स्वतंत्र मदत करतात असं जिथे मुलांना वाटत होतं, तिथे भीती कमी होती.

घाबरलेल्या डोक्यात जागा कमी उरते. गणित सोडवताना आकडे क्षणभर मनात धरून ठेवावे लागतात; त्याच जागेत 'नापास झाले तर', 'सगळे काय म्हणतील' हे येऊन बसतं. 2011 मध्ये जेरार्डो रामिरेझ आणि शियान बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मुलांना मनातली भीती कागदावर लिहायला सांगितली. जी मुलं एरवी खूप घाबरायची, त्यांची कामगिरी सुधारली. ते लिहिलेलं दुसऱ्या कुणासाठी नव्हतं, त्याला लाइक नव्हते.

(दृश्य: आई आत येते. खुर्ची ओढून बसते. फोन पुन्हा वाजतो.)

या वेळी मेसेज ग्रुपवर नाही, एकटीला आलाय. दुसऱ्या एका मुलीचा. 'जागी आहेस? तिसऱ्या धड्यातलं सातवं उदाहरण मला येतच नाहीये. रडू येतंय.'

ती मेसेज दोनदा वाचते. मग फोन लावते.

"कुठे अडलंय?"

आई उठून जायला लागते, मग तिथेच बसून राहते. मुलगी कोरा कागद पुढे ओढते. व्हिडिओ बंद आहे. पहिली पायरी ती बोलत बोलत लिहिते, दुसरी लिहिते, तिसरीला अडखळते. "थांब हं, इथे मलाही नाही कळलेलं." पलीकडून हसण्याचा आवाज येतो, रडून झाल्यावर येतो तसा. दोघी मागे जातात. खोडतात. पुन्हा मांडतात.

वीस मिनिटांत एक उदाहरण सुटतं.

ग्रुपवर तेवढ्यात सतरा नवे मेसेज आलेत. ते न उघडताच ती दिवा मालवते.

(दृश्य: अंधार. टेबलावर खाडाखोडीने भरलेला कागद. फोन पालथा.)